पानं कुरतडलेली बाग: पक्षी, फुलपाखरं, बेडूक यावेत म्हणून परसात काय केलं, काय फसलं

परसदार (पुणे), ११ जून

परवा शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, “अगं, कढीपत्ता पार खाल्लाय की किडीनं. औषध मार काहीतरी.” मी त्यांना आत बोलावलं आणि फांदीजवळ नेलं. पानावर पक्ष्याची शीट पडलीये असं वाटावं अशी तपकिरी-पांढरी बारीक अळी. शेजारच्या डहाळीवर तिचीच थोरली बहीण, पानात मिसळून गेलेली हिरवीगार. काडीनं हलकेच डिवचलं तशी डोक्यामागून तांबडी दुपाखी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. काकू दोन पावलं मागे सरल्या, पण मग दहा मिनिटं तिथेच उभ्या होत्या. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. तिला कढीपत्ता किंवा लिंबाच्या जातीचंच झाड लागतं. औषध मारलं असतं तर फुलपाखरूही गेलं असतं, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “हे कुठेतरी लिहून ठेव.” म्हणून हा धागा.

आमचं घर जुनं आहे. भोवती जेमतेम गुंठाभर मोकळी जागा. सासूबाईंनी हौसेनं लावलेली बाग होती: गुलाब, डबल जास्वंद, क्रोटन, मधोमध लॉन. माळीदादा पंधरा दिवसांनी फवारणी करून जायचे. बाग देखणी होती. सहा वर्षांपूर्वी मुलीला शाळेत ‘आपल्या बागेतले प्राणी’ लिहून आणायला सांगितलं. ती तासभर बाहेर बसली आणि वहीत तीन नावं घेऊन आत आली: मुंगी, कावळा, पाल. वहीचं ते पान माझ्या मनाला लागलं.

पहिलं काम म्हणजे फवारणी बंद केली. ते पहिलं वर्ष वाईट गेलं, लपवत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, शेवंतीवर मावा, गुलाब तर गेलाच. मी पाण्याचा फवारा आणि जुना दातांचा ब्रश घेऊन बसायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसायला लागले. ते आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. मावाच शिल्लक नसता तर ते आले नसते, हे मला तेव्हा उमगलं. त्यांच्या मागून शिंपी आणि नाचण हे पक्षी आले.

मग झाडं. फुलपाखरांसाठी म्हणून आपण फुलझाडं लावतो, पण फूल म्हणजे फक्त हॉटेल. अंडी घालायला त्यांना ठरावीक झाड लागतं, आणि त्याबाबत ती फार हट्टी असतात. रुईवर प्लेन टायगर. बहाव्यावर पिवळट पांढरे एमिग्रंट. सोनचाफा, सीताफळ आणि तो सरळसोट खोटा अशोक यांवर टेल्ड जे. कण्हेरीवर कॉमन क्रो, ज्याचा कोष चांदीचा डूल टांगल्यासारखा चकाकतो. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरो: तिची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते, पान फक्त पापुद्र्यासारखं उरतं. आणि ज्याला आपण तण म्हणून उपटतो त्या घोळीवर डॅनेड एगफ्लाय. हिची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. प्लेन टायगर रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात, आणि ही बिनविषारी मादी त्याच्या रूपावर वाचते. माझ्या बागेत रुई आणि घोळ यांच्यात चार फुटांचं अंतर आहे. दोघी एकाच दुपारी तिथे उडताना पाहिल्यापासून मी घोळीची भाजीसुद्धा मोजून काढते.

आता अळ्या आल्या तशी पाखरंही आली. बुलबुल, शिंपी, दयाळ ही सगळी पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि किडे देतो. म्हणजे दाणे टाकून मोठे पक्षी येतील, पण बागेत घरटं व्हायचं असेल तर बागेत अळ्या हव्यात.

तिसरं म्हणजे पाचोळा. यावर घरात खरा वाद झाला. सासूबाईंच्या लेखी न झाडलेलं अंगण म्हणजे दरिद्रीपणा. सकाळी सडा, रांगोळी, आणि मग दिवस सुरू. त्यांचं म्हणणं मला पटतं. शेवटी आम्ही वाटणी केली: पुढचं अंगण त्या म्हणतील तसं लख्ख, मागच्या परसात खराटा न्यायचा नाही. आंब्याखाली आता चार बोटं पाचोळ्याचा थर असतो. सातभाईंची टोळी रोज सकाळी तो उलथापालथा करते आणि सासूबाई खिडकीतून त्यांना मोजतात. सातच असतात असं नाही, कधी नऊ, कधी अकरा.

पाण्याचं आणि सापांचं मात्र मला नीट जमलेलं नाही. घाणेरी ठेवावी की काढावी हेही ठरत नाही. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

पाचवा मजला (ठाणे), ११ जून

किती छान लिहिलंय. आमच्याकडे फक्त बाल्कनी, आठ बाय चार. त्यात काय होऊ शकतं? दाणे ठेवले तर कबुतरंच येतात, चिमणी एक नाही.

परसदार, ११ जून

दाणे आधी बंद करा. उंच इमारतीत दाणा म्हणजे कबुतरांना आमंत्रण. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो, विशेषतः घरात दमेकरी किंवा म्हातारी माणसं असतील तर.

तुमच्या जागेत एक कढीपत्ता, एक पानफुटी, एक एकेरी जास्वंद, आणि तुळस. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, दोन-चार फुलू द्या. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या सकाळी हमखास येतात. जास्वंद एकेरीच घ्या. डबल फुलात पाकळ्यांची इतकी गर्दी असते की मधापर्यंत चोच पोचतच नाही. कुंडी बारा इंचांहून लहान नको, कढीपत्ता खाल्ला गेला तरी पुन्हा फुटायला मुळांना जागा हवी.

वऱ्हाडपळस (अकोला), १२ जून

पाण्याबद्दल मी लिहितो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पाण्याचं भांडं हीच सगळ्यात मोठी सेवा. वीस वर्षं ठेवतोय, चुका करून शिकलो.

खोल भांडं ठेवायचं नाही. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दीड-दोन इंच, मधे एक-दोन दगड वर डोकावणारे. चिमणीला उभं राहून प्यायचं असतं आणि माशीला बुडायचं नसतं. प्लास्टिक आणि स्टील उन्हात चटका देतं. सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला खेटून नाही, मांजर दबा धरते. एक परळ जमिनीवर आणि एक टांगलेलं ठेवा. जमिनीवरच्याला खार आणि मुंगूस येतात, दुपारी होले येतात.

आणि एक, परळाच्या बाजूची माती ओली ठेवा. ओल्या मातीवर फुलपाखरं जमतात, बहुतेक नरच. ते मातीतले क्षार शोषून घेतात. एप्रिलमध्ये माझ्या नळाखालच्या हातभर चिखलात पंधरा-वीस पिवळी फुलपाखरं बसलेली असतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त नळाखाली फरशी घालायची नाही.

डॉ. तगर (सोलापूर), १२ जून

डॉक्टर म्हणून काळजीपोटी लिहिते. पाणी साठवा म्हणता, पण डेंग्यूचं काय? दर पावसाळ्यात दवाखान्यात काय चित्र असतं ते मी पाहते.

वऱ्हाडपळस, १२ जून

ताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि हे न सांगता पाणी ठेवायला सांगणं चूकच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून रोज पाणी बदलायचं. पण नुसतं ओतून पुन्हा भरलं तर भागत नाही. हा डास अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काथ्यानं किंवा ब्रशनं परळ आतून घासायचं. गावाला जाणार असाल तर परळ उपडं घालून जा.

डॉ. तगर, १२ जून

कडेच्या अंड्यांचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं. माझ्या पेशंटांनाही हेच सांगत असते, कुंडीखालच्या बशीसकट.

अनघा_कुंडल, १३ जून

मोठ्या टबाचं काय करायचं मग? कमळाचा टब आहे, तो रोज घासता येत नाही. नगरपालिकेच्या माणसांनी गप्पी मासे दिले होते. डास गेले, पण बेडकाची पिल्लंही दिसेनाशी झाली.

परसदार, १३ जून

गप्पी डासांच्या अळ्या खातात तशीच बेडकाची अंडी आणि लहान पिल्लंही खातात. तो मूळचा इथला मासा नाही. ओढ्या-तळ्यात तर सोडूच नये. तुमच्या टबात दोन्ही जमणार नाही, एक निवडावं लागेल. मी मासे न ठेवता चहाच्या गाळणीनं दर तिसऱ्या दिवशी वळवळे काढते. मधे एकदा बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध वापरलं, ते डासांच्या अळ्यांवर नेमकं चालतं. दुसऱ्या वर्षी चतुरांनी टबात अंडी घातली. चतुराची पिल्लं पाण्यात राहतात आणि वळवळ्यांवर जगतात. तरी गाळणी सोडलेली नाही. ज्यांना इतकं नियमित जमणार नाही त्यांनी टब ठेवू नये, हे प्रामाणिक मत.

गडगा (राजापूर), १३ जून

सगळं वाचलं. आता थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

तुम्ही शहरात प्राण्यांना बोलावताय. आमच्याकडे ते न बोलावता येतात. वानरांची टोळी आली की केळीचे घड, पपया, नारळाची कोवळी फळं, काही म्हणजे काही ठेवत नाहीत. शेजारच्या वाडीत दोन घरांनी परड्यात भाजी लावणंच सोडलं. कौलं फुटतात ती वेगळीच. ज्यांचं पोट बागेवर आहे त्यांना ‘वन्यजीवांचं स्वागत करा’ हे वाक्य बोचतं.

तरीही माझ्याकडे सांगण्यासारखं एक आहे. आमच्या आगराला आजोबांनी रचलेला गडगा होता, नुसते दगड एकावर एक, चुना-सिमेंट काही नाही. वडिलांच्या मागे भावानं आणि मी तो काढून चिऱ्यांची सिमेंटची भिंत घातली, सरळ रेषेत, वर काचा. दोन पावसाळ्यांत फरक कळला. गडग्याच्या फटींत सापसुरळ्या असायच्या, भेक असायचे, मुंगसाची ये-जा होती, दगडांवर शेवाळ आणि नेचे. भिंतीवर काहीच नाही. आणि गोगलगाई वाढल्या, त्या मोठ्या आफ्रिकन. अळू आणि मिरचीची रोपं एका रात्रीत साफ.

गेल्या वर्षी मागची तीस फूट भिंत पाडून पुन्हा गडगा रचून घेतला. रचणारा माणूस शोधायलाच महिना गेला, कारण ती कला येणारे आता थोडे उरलेत. मधे मधे पांगाऱ्याचे दांडे रोवले, मिरीचे वेल चढवायला आणि फेब्रुवारीत फुलं आली की शिंजीर, मैना, बुलबुल यांच्यासाठी. सापसुरळ्या परत आल्यात. (त्या विषारी असतात हा गैरसमज आहे, कृपया मारू नका.) भारद्वाज रोज कुंपणाकडेनं फिरतो आणि गोगलगाई फोडून खातो. वानरांचा प्रश्न मात्र होता तिथेच आहे.

परसदार, १४ जून

गडगा, राग कशाला येईल? उलट हे यायला हवं होतं. माझ्या बागेचं नुकसान म्हणजे चार पानं. तुमचं नुकसान म्हणजे वर्षाचं उत्पन्न. दोन्हीला एकच सल्ला देता येणार नाही. तुमची गडग्याची गोष्ट मात्र मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांचं माहेर देवरुखकडचं. त्या बराच वेळ गडग्यावरच्या नेच्यांबद्दल बोलत होत्या.

शिवनेरीपायथा, १४ जून

वरच्याला जोडून. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे ज्यांचं घर उसाला लागून आहे त्यांनी घराभोवती दाट झुडपं वाढवू नयेत. बिबट्या उसात राहतो, कुत्री आणि कोंबड्यांच्या मागे घरापर्यंत येतो. घराभोवती मोकळं अंगण आणि रात्री उजेड हवाच. खरकटं बाहेर टाकू नका, त्यानं कुत्री जमतात. आमच्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. झाडं लावायचीच तर घरापासून लांब, बांधावर.

सर्पमित्र_करवीर, १५ जून

सापांबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. बारा वर्षं कोल्हापूर परिसरात साप पकडून सोडण्याचं काम करतो.

साप बागेत येतो तो भक्ष्य आणि लपायला जागा यासाठी. उंदीर असतील तर धामण आणि नाग येणार. म्हणून कोंबड्यांचं खाद्य, सांडलेलं धान्य, उघडं खरकटं आधी आवरा. पण उंदरांना विष घालू नका. विष खाऊन सुस्त झालेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा पिंगळा उचलतो आणि तोही मरतो. मग उंदीर आणखी वाढतात.

लाकडं, विटा, फुटकी कौलं यांचा ढीग बागेत असावा, त्यात कितीतरी जीव राहतात. पण तो घराच्या भिंतीला टेकून नको. दारापासून वीस-पंचवीस फूट लांब, कोपऱ्यात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर गवत कापलेलं. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवा. घोणस पाचोळ्यात ओळखूच येत नाही, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर जिथे आहात तिथे थांबा, आवाज कुठून येतोय ते पाहा आणि मग मागे सरा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. घराभोवती फिनेल, गंधक, दोरी यांनी साप अडत नाही.

आणि पट्टे बघून जात ओळखायचा प्रयत्न नको. बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांत भलेभले चुकतात. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, माणूस झोपेतून उठतो तो पोटदुखीनं आणि पापण्या जड होऊन. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. दंश झाला तर कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिक नको. अंगठी, बांगड्या काढा, तो अवयव हलवू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. घरात साप निघाला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

भीती दाखवायला हे लिहिलं नाही. हे सगळं पाळणाऱ्या, भरपूर झाडी असलेल्या घरांतून मला क्वचितच फोन येतो. फोन येतात ते बंगल्यामागे राडारोडा टाकून ठेवलेल्या घरांतून.

डॉ. तगर, १५ जून

शब्दन्‌शब्द बरोबर. संपादकांनी ही पोस्ट धाग्याच्या वर लावता आली तर बघावं.

गोदाकाठ (नाशिक), १६ जून

चिमण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो आणि तो सुरू केला आमच्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी, म्हणून हा विषय आम्हाला जवळचा.

लाकडी खोका, भोक सव्वा इंचाचं. त्याहून मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. पुढे बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला मात्र पाय टेकायला मिळतो. आठ-दहा फूट उंचावर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला. पंख्याच्या वाऱ्यात किंवा पंख्याजवळ कधीच नको. माझ्या सहा खोक्यांपैकी पहिली दोन वर्षं एकही भरला नाही. तिसऱ्या वर्षी कुंपणाला मेंदी आणि कोरांटी दाट झाली, चिमण्यांना दडायला जागा मिळाली, तेव्हा कुठे दोन जोड्या आल्या. बाजरी आणि कण्या घालतो, पण पिल्लांच्या दिवसांत नर-मादी दोघंही कोरांटीतून अळ्या टिपून नेताना दिसतात. परसदार यांनी लिहिलं तेच.

निर्गुडी (सातारा), १७ जून

घाणेरीचा प्रश्न राहिला. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून बोलते.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरंच आहे. पण ती अमेरिकेतून शोभेसाठी इथे आणलेली, आणि आता डोंगरच्या डोंगर तिनं व्यापलेत. तिच्या बिया बुलबुल लांब लांब नेतात. म्हणजे तुमच्या कुंपणावरचं झुडूप शेजारच्या टेकडीवरच्या गवतात उगवणार, आणि तिच्या दाटीत दुसरं काही वाढत नाही. ती काढावी, पण एकाच दिवशी नको. आधी पर्याय उभा करा, मग छाटत न्या, आणि तोवर हिरवी फळं काळी होण्याआधी खुडा.

पर्याय भरपूर आहेत. धायटी लावा, जानेवारीपासून लाल फुलांनी लदलेली असते आणि शिंजीर तिच्यावरून हलत नाही. निर्गुडीला (माझं नाव उगाच घेतलेलं नाही) मधमाश्या फार. अडुळसा, कोरांटी, करवंदाचं कुंपण. करवंद तर काटे, फुलं, फळं, घरट्याला आसरा सगळंच देतं. जागा असेल तर ताम्हण लावा, आपलं राज्यपुष्प. उंबराला मात्र घरापासून लांब जागा द्या, मुळं पाया उचकटतात. पण तो फळला की तांबट, हरियाल, रात्री वटवाघळं, सगळी त्याच्याकडे.

एक विनंती. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर कापू नका. तांबट असल्याच मऊ वठलेल्या लाकडात ढोली कोरतो. सुबक बागेत त्याला घर मिळत नाही.

खारूताई (लेस्टर), १८ जून

इंग्लंडमधून वाचतेय. इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांत ठरवून कुंपणाच्या तळाला १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवतात, काटेरी हेजहॉगला रात्री एका बागेतून दुसरीत जाता यावं म्हणून. गडगा यांचं वाचताना तेच आठवलं. पुण्यातल्या बंगल्यांच्या भिंतींनाही तळाशी अशी फट ठेवली तर भेक आणि मुंगसांची सोय होईल का?

परसदार, १८ जून

होईल, नक्की. आमच्या भिंतीला पावसाचं पाणी जायला तळाशी भोक आहे, भेक तिथूनच येतो. सर्पमित्रांचं वाचून एवढंच म्हणेन की ते भोक घराच्या दारासमोर नको.

अनघा_कुंडल, २० जून

मदत हवी आहे. फुलपाखरांसाठी म्हणून रोपवाटिकेतून मोठं लिंबाचं झाड आणलं. आठवड्यात अळ्या दिसल्या, मुलं खूश. आज सकाळी सगळ्या काळ्या पडून मेलेल्या. मी काहीच फवारलं नाही. मुलगा रडतोय.

परसदार, २० जून

अनघा, माझ्याकडेही अगदी असंच झालं होतं. विक्रीच्या रोपांना पुष्कळदा आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते मुळांवाटे पानापानांत जातं आणि धुऊन निघत नाही. मी विचारलं तेव्हा ‘काही मारलेलं नाही’ असंच उत्तर मिळालं. झाड टाकू नकोस. जुनी पानं छाट, माती बदल, निदान एक पावसाळा जाऊ दे, तोवर त्यावर जाळी घाल म्हणजे मादी अंडी घालणार नाही. आणि मुलाच्या हातानं लिंबाची बी लाव. वेळ लागेल, पण ते झाड तुमचं असेल.

निंबोळी अर्कही अळ्यांना मारतो, हे इथेच सांगते. ‘सेंद्रिय आहे’ म्हणून लोक तो सगळीकडे फवारतात. अळीला त्यानं खाणं सुटतं, कात टाकता येत नाही. एखाद्या भाजीच्या वाफ्यापुरता वापरावा, फुलपाखरांच्या झाडांवर कधीच नाही.

पाचवा मजला, २९ जून

पानफुटीवर रेड पिएरो!! लहान, काळं-पांढरं, मागच्या पंखांवर नारिंगी. पाचव्या मजल्यावर तिला एक कुंडी कशी सापडली? दाणे बंद केल्यापासून कबुतरंही कमी झालीत.

परसदार, ८ जुलै

फार दिवसांनी लिहितेय, पावसाबरोबर कामं वाढली.

टबाच्या वर झुकलेल्या अळूच्या पानावर शुक्रवारी सकाळी पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, साबणाचा फेस चिकटलाय असं वाटावं. झाडबेडकाची अंडी. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती खाली पाण्यात पडतात, म्हणून मादी जागा बरोबर पाण्याच्या वर निवडते. त्याच दिवशी डास तपासणीचे लोक आले आणि टब ओतायला निघाले. त्यांची काही चूक नाही, त्यांचं कामच ते. मी गाळणी दाखवली, त्यांनी टॉर्च मारून पाणी तपासलं, एकही वळवळा सापडला नाही. मग त्यांच्यातल्या धाकट्यानं फेसाचा फोटो काढून नेला. सोमवारी रात्री जोराचा पाऊस झाला आणि काल टबात पिल्लं होती. मोजायचा प्रयत्न केला, चाळिशीनंतर घोळ झाला.

कढीपत्त्याच्या कोषांचा हिशेब: नऊ कोष होते. चारांतून फुलपाखरं निघाली. तिघांना बारीक भोकं पडून आतून छोट्या गांधीलमाश्या निघाल्या, त्यांची अंडी कोषात घातली गेली होती. दोन बुलबुलानं नेले असावेत. मुलीला वाईट वाटलं, मलाही. तरी आम्ही कोष बरणीत ठेवत नाही. त्या गांधीलमाश्या आणि ते बुलबुलही याच बागेत राहतात.

निघालेल्या चारांत एक मादी वेगळीच: काळ्या पंखांवर लाल ठिपके आणि मधे पांढरा पट्टा. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या कॉमन रोज या विषारी फुलपाखराचं रूप घेतात. पण आमच्या गल्लीत कॉमन रोज मी कधी पाहिलेलं नाही, कारण त्याला लागणारी ईश्वरीची वेल इथे कुणाकडेच नाही. जिची नक्कल केली तीच आसपास नाही, तर पक्ष्यांना ते रूप टाळायला शिकवणार कोण? म्हणून मे महिन्यात निर्गुडीताईंसारख्याच एका ओळखीच्या बाईंकडून ईश्वरीच्या बिया आणल्या होत्या. सात उगवल्या. दोन मी कढीपत्त्याजवळच्या कुंपणावर चढवतेय, पाच पिशव्यांत तयार आहेत. पुण्यात कुणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वेलीला ऊन-सावली आणि चढायला जाळी हवी, आणि वर्षभर तरी औषध न मारलेली माती.

निर्गुडी, ८ जुलै

साताऱ्याहून पुढच्या रविवारी पुण्यात येतेय. एक पिशवी माझ्यासाठी ठेवा, शाळेच्या कुंपणाला लावेन. बदल्यात धायटीची दोन रोपं आणते.

परसदार, ८ जुलै

ठेवली. आणि काकूंनी एक मागून नेलीसुद्धा, म्हणजे आता तीन उरल्या.